पुशरॉड की डबल ओव्हरहेड कॅम?

पुशरॉड इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा लिफ्टरला वर ढकलतो, लिफ्टर लांब सळईला (हाच पुशरॉड), सळई रॉकर नावाच्या तरफेला, आणि तेव्हा कुठे व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो. वेग वाढला की हे सगळं वजन मागेपुढे हलवणं व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगला झेपत नाही. व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगायला लागतो, वेळेवर बंद होत नाही. डबल ओव्हरहेडमध्ये सिलिंडरच्या प्रत्येक रांगेला दोन कॅमशाफ्ट, तेही थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर. मधली सळई गायब, शिवाय प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह सहज बसतात. फ्रेंच कंपनी प्यूजोने १९१२ च्या रेसिंग गाडीत हेच केलं होतं.

एकाच गाडीत फरक बघायचा तर शेव्हरोले कॉर्व्हेट सी-८ घ्या. साध्या स्टिंगरेत ६.२ लिटरचं पुशरॉड व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर), एकच कॅमशाफ्ट, १६ व्हॉल्व्ह. झेड-०६ मध्ये ५.५ लिटर, चार कॅमशाफ्ट, ३२ व्हॉल्व्ह आणि वेग थेट ८,६०० आरपीएम (मिनिटाला फेरे).

तरी पुशरॉडला जुनाट म्हणणं मला पटत नाही. त्याचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बुटकं, कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन आखूड, दुरुस्ती सोपी. ओढकामाच्या गाडीला मी तेच निवडेन. रोजच्या छोट्या चार सिलिंडर गाडीला मात्र ओव्हरहेडच.