आवाज फाटतोय: आधी कंडेन्सर, व्हॉल्व्ह की स्पीकर?

घरातला जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ खटपट करून चालू केला, पॉलिश झालं, डायलची दोरी नवी ओवली. आणि बातम्या लावल्या तर निवेदक घसा बसल्यासारखा बोलतोय. गुहागरकडे दुरुस्त संचांबद्दल हीच तक्रार जास्त ऐकतो. मग लोक सगळ्यात आधी नवा व्हॉल्व्ह मागवतात. माझं ऐका, तो शेवटी मागवा.

पहिला संशय आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या नळीच्या) ग्रिडला, म्हणजे आवाजाचा सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला जोडलेल्या छोट्या कंडेन्सरवर घ्या, बहुधा 0.01 ते 0.022 मायक्रोफॅरडचा. आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. जुना मेणकागदी कंडेन्सर आपल्या दमट हवेत ओल धरतो, डीसी झिरपायला लागतो. ग्रिडवर अधिक (पॉझिटिव्ह) व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो आणि तापतो. सुरुवातीला बरा वाटणारा आवाज दहा-पंधरा मिनिटांत फाटायला लागला तर बहुधा हेच.

बिघडलेल्या व्हॉल्व्हचं लक्षणही अगदी असंच असतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. ग्रिड आणि चॅसी (रेडिओचा धातूचा सांगाडा) यांच्यात डीसी व्होल्टेज मीटरने मोजा. शून्याच्या आसपास किंवा उणे हवं. दोन-तीन व्होल्ट अधिक दिसले तर रेडिओ बंद करा, मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये साठलेली वीज काढून टाका (डिस्चार्ज करा) आणि त्या छोट्या कंडेन्सरची ग्रिडकडची तार सोडवून पुन्हा मोजा. व्होल्टेज गेलं तर दोष कंडेन्सरचा, राहिलं तर व्हॉल्व्हचा. माझ्याकडच्या एका संचात 4 व्होल्ट होते. 630 व्होल्टचा फिल्म कंडेन्सर बसवला, व्हॉल्व्ह तोच ठेवला, आणि बातम्या शब्द न् शब्द कळू लागल्या. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो, व्हॉल्व्ह शोधावा लागतो.

एक मात्र सांभाळा. यूएल 84 सारखे यू मालिकेचे व्हॉल्व्ह असलेल्या संचात चॅसीवर थेट मेनची वीज येऊ शकते. सवय नसेल तर तो संच उघडूच नका, जाणकाराकडे द्या.

स्पीकरची लक्षणं वेगळी. पहिल्या मिनिटापासून, आवाज बारीक असतानाही, तबल्याच्या डग्ग्याला खरखर येते. स्विच बंद करून स्पीकरच्या कागदी कोनावर चारी बोटं सारख्या अंतरावर ठेवा आणि हलकेच आत दाबा. कागदावर कागद घासल्यासारखं जाणवलं तर कोनामागची तारेची कॉइल चुंबकाला घासतेय. किनाऱ्याजवळच्या घरांत चुंबकाच्या फटीत गंज धरतो, पावसाळ्यात कोनही वाकतो, म्हणून आपल्याकडे ही तपासणी मीटर लावायच्या आधीच करून घ्यावी. खात्रीसाठी त्याच ओहमचा दुसरा स्पीकर लावून ऐका, पण स्पीकर सोडवून रेडिओ रिकामा चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नवा स्पीकर बसवलात तरी जुना टाकू नका. कोन बदलून देणारा कारागीर मिळाला की त्याच पेटीत तो परत बसवता येतो.