शाळेच्या व्हरांड्यातील सरकारी टेबले: पंचवटीतील एका सेवाशिबिराचे परीक्षण

नाशिकच्या पंचवटीतील महापालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत, महिन्यातील एका ठरलेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर, व्हरांड्यात चार-पाच टेबले मांडली जातात. एका टेबलावर आधारचे किट असते, दुसऱ्यावर उत्पन्न, जात आणि अधिवास यांच्या दाखल्यांचे अर्ज घेतले जातात, तिसऱ्यावर टपाल खात्याचा माणूस बसतो आणि आतल्या वर्गखोलीत आरोग्य तपासणी चालते. शाळा व्यवस्थापन समितीने ही सोय मुख्यतः पालकांसाठी सुरू केली असली तरी वस्तीतील कोणालाही परत पाठवले जात नाही. नातवाच्या आधारसाठी मी तेथे गेलो, पुढे सूनबाईंच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही जाणे झाले. या सेवेविषयी आमच्या भागात ‘फारच छान’ आणि ‘नुसता देखावा’ अशी दोन टोकांची मते ऐकू येत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत असे की, ही सेवा चांगली आहे. मात्र तिचे श्रेय टेबल मांडणाऱ्या खात्यांपेक्षा मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटाला अधिक द्यावे लागेल. दाखले सेतू केंद्रातही मिळतात, आधार बँकेत आणि टपाल कार्यालयातही होते. शाळेत ते सोपे जाते याचे कारण, मुलाचे नाव, जन्मतारीख, जात आणि आईचे नाव यांची मूळ नोंद असलेले जनरल रजिस्टर तेथे हाताशी असते. हे रजिस्टर म्हणजे विद्यार्थ्याचा सातबारा. पुढची सगळी कागदपत्रे त्याच्याशी जुळवून पाहिली जातात आणि जुळली नाहीत की माणूस दारोदार फिरतो.

हे कसे घडते ते आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका आईच्या बाबतीत जवळून पाहता आले. मुलाचे नाव जन्मदाखल्यावर ‘साईराज’, आधारवर ‘सायराज’ आणि शाळेत पुन्हा ‘साईराज’ असे होते. आधार केंद्रात त्यांना ‘शाळेतून दुरुस्त करून आणा’ असे सांगण्यात आले होते आणि शाळेची नोंद तर बरोबरच होती. टेबलाशी बसलेल्या लिपिक बाईंनी रजिस्टर उघडले, पान त्यांच्याकडे फिरवले आणि म्हणाल्या, ‘ताई, आपल्याकडची नोंद बरोबर आहे. जन्मदाखल्यावर आहे तेच आधारवर घेऊ, म्हणजे पुन्हा कोणी अडवणार नाही.’ मग त्या स्वतः उठून शेजारच्या टेबलाशी गेल्या, ऑपरेटरला जन्मदाखला दाखवला आणि दुरुस्तीचा अर्ज तेथेच भरून घेतला. दोन टेबलांमधले अंतर चार पावलांचे होते. हीच दोन कार्यालये शहराच्या दोन टोकांना असती तर त्या बाईंची दोन दिवसांची मजुरी बुडाली असती.

शाळा एवढी तत्पर का असते, याचेही एक कारण आहे आणि ते लपवण्यासारखे नाही. महाराष्ट्रात शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदे मंजूर होणार हे, आधार-वैध विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. म्हणजे ज्या मुलाचे आधार शिक्षण खात्याच्या पोर्टलवरील माहितीशी जुळत नाही, ते मूल वर्गात रोज हजर असले तरी शिक्षकाच्या पदासाठी मोजले जात नाही. ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी शैक्षणिक ओळख क्रमांकासाठीही नाव तंतोतंत जुळावे लागते. शाळेची गरज आणि पालकांची गरज येथे एकच आहे, म्हणून काम होते. ज्या भागीदारीत यजमानाला स्वतःचे काही मिळवायचे नसते, ती दोन-तीन महिन्यांत उद्घाटनाच्या फलकापुरती उरते, असा माझा सरकारी नोकरीतील अनुभव आहे.

आधारविषयी पालकांनी हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद घेतलेली नसते. ती पाच वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा करून घ्यावी लागते. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात तिला शुल्क नाही. सात ते पंधरा वयोगटासाठीही १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्षासाठी शुल्क माफ करण्यात आले आहे. पहिली नोंद सात वर्षांपर्यंत केली नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकते, आणि हे पालकांना बहुधा शिष्यवृत्तीचा अर्ज अडल्यावर कळते. लहान मुलांचे ठसे यंत्रावर चटकन उमटत नाहीत. आमच्या नातवाची बोटे ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसली, आईच्या पदराला कोरडी करायला लावली आणि मग एकेक बोट स्वतःच्या हाताने दाबून धरले. घाई न करणारा ऑपरेटर मिळणे ही या टेबलाची मोठी जमेची बाजू आहे.

दाखल्यांच्या टेबलाविषयी मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. येथे अर्ज भरून घेतात, कागदपत्रे तपासतात आणि पोचपावती देतात. दाखला जागेवर मिळत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे, मुदतीत काम न झाल्यास खात्यातच दोन अपिले करता येतात, तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोचपावतीवरील क्रमांक त्यासाठीच जपून ठेवायचा असतो. सूनबाईंचा दाखला मुदतीत आला, परंतु शेजारच्या एका गृहस्थांचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला आणि ती त्रुटी कोणती हे त्यांना पुढच्या शनिवारपर्यंत कोणीही सांगू शकले नाही. अशा वेळी टेबल घेणारे खाते आणि शाळा परस्परांकडे बोट दाखवतात. परत आलेल्या अर्जांची यादी शाळेच्या फलकावर, नावे न लावता केवळ अर्ज क्रमांकांनिशी लावली तरी अर्धा गोंधळ मिटेल.

जातीच्या दाखल्याच्या आणि पुढे पडताळणीच्या कामात या शाळेचा खरा उपयोग आहे, असे मला वाटते, आणि नेमका हाच भाग शिबिराच्या पत्रकात नाही. पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा किंवा वास्तव्य दाखवावे लागते. बहुतेक कष्टकरी कुटुंबांकडे तेव्हाची जमीन नसते, खरेदीखत नसते. असतो तो फक्त आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेतील प्रवेश. तो उतारा ज्या रजिस्टरात आहे, ते जुन्या शाळांच्या कपाटातच पडलेले असते. मी पाहिलेल्या वहीचे बांधणीकडचे कोपरे वाळवीने खाल्ले होते, शाई तपकिरी झाली होती आणि जातीच्या रकान्यात एकाच हाताने, एकाच वळणाने सलग नोंदी केलेल्या होत्या. लिपिक बाई पाने उलटताना बोट ओले करत नव्हत्या, कागद वरच्या कोपऱ्यात धरून उचलत होत्या, हे पाहून बरे वाटले. या वह्यांचे स्कॅनिंग करून त्यांची सूची तयार करणे हे काम जिल्हा प्रशासन, महापालिका आणि शाळा यांनी मिळून करण्याजोगे आहे. त्याचा फायदा त्या शाळेतील आजच्या विद्यार्थ्यांपेक्षा, पन्नास-साठ वर्षांपूर्वी ती सोडून गेलेल्यांच्या नातवंडांना अधिक होईल.

आरोग्य तपासणीच्या खोलीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पद्धतीने तपासणी होते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधण्याचे काम त्यात होते. डॉक्टरांनी फळ्यावर अक्षरांचा तक्ता लावून सहा मीटरवर खडूने रेघ मारली होती आणि मुले एक डोळा तळहाताने झाकून वाचत होती. एका मुलीने तक्त्याच्या खालच्या तीन ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या; तिच्या आधी गेलेल्या पाच जणींच्या तोंडून त्या पाठ झाल्या होत्या. डॉक्टरांनी हसून तक्ता उलटा लावला आणि मग तिला चष्म्याची गरज आहे हे उघड झाले.

परंतु तपासणी हा या कामाचा सोपा अर्धा भाग. पुढे संदर्भ चिठ्ठी दिली जाते, ती घेऊन पालकांनी रुग्णालयात जायचे असते आणि येथेच गळती होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला चिठ्ठी घेऊन गेल्यावर ‘आज तो विभाग बंद आहे’ असे ऐकावे लागले आणि नंतर रोजंदारी बुडवून पुन्हा कोणी गेले नाही. यावर समितीने पुढे एक साधा उपाय केला: चिठ्ठीची स्थळप्रत शाळेत ठेवायची आणि वर्गशिक्षकांनी पंधरवड्याने त्या मुलाला ‘जाऊन आलात का?’ एवढेच विचारायचे. त्यानंतर चष्मे आले. आरोग्य खात्याकडे डॉक्टर आहेत, औषधे आहेत; मूल रोज डोळ्यांसमोर असणे ही गोष्ट फक्त शाळेकडे आहे.

आता शिक्षकांविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. शनिवारी दुपारी टेबलाशी उभे असलेले शिक्षक स्वेच्छेने थांबतात असे सांगितले जाते. एका तरुण शिक्षिकेचा चेहरा मात्र वेगळे सांगत होता. रांग लावणे, फॉर्म वाटणे, झेरॉक्स कुठे मिळेल ते सांगणे यासाठी पालकांमधूनच माणसे घ्यायला हवीत. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे हाच कायदा सांगतो. त्या सदस्यांनी बैठकीच्या वहीत सह्या करण्यापलीकडे दोन तास व्हरांड्यात उभे राहावे, ही अपेक्षा फार नाही.

टपालाच्या टेबलावर गर्दी कमी होती आणि काम चोख होते. दहा वर्षांखालील मुलीचे सुकन्या समृद्धी खाते येथे उघडून देतात. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, कमाल मर्यादा दीड लाखाची, पैसे पंधरा वर्षे भरायचे आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी परिपक्व होते. ज्यांना महिन्याचे हप्ते नियमित जमत नाहीत त्यांना वर्षातून एकदा भरण्याची मुभा आहे, हे त्या कर्मचाऱ्याने न विचारता सांगितले.

एका शनिवारी अग्निशमन दलाची गाडी आली होती. गर्दी अर्थातच तेथे झाली. जवानाने पत्र्याच्या डब्यात जाळ करून एका आजींच्या हाती नळकांडे दिले: आधी पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नव्हे तर जाळाच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत जायचे. गॅसच्या शेगडीजवळ भडका उडाला तर ओले गोणपाट कसे अंगापुढे धरून पुढे जायचे, तेही त्याने करून दाखवले. पंचवटीतल्या दाट वाड्यांतून राहणाऱ्यांना हे शिकवणे दाखल्याइतकेच निकडीचे आहे, त्यामुळे ते वर्षातून एकदाच होऊ नये.

आमच्या भागाला शाळेचा आणखी एक उपयोग ठाऊक आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढू लागले की काठावरची माणसे सामान वर चढवू लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी ते दाखवले आहे. अशा रात्री निवाऱ्यासाठी शाळेच्याच खोल्या उघडाव्या लागतात. मग खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे प्रश्न पाणी वाढल्यावर विचारण्यापेक्षा या शनिवारच्या बैठकीत विचारून ठेवता येतील. मी एकदा विषय काढला, मुख्याध्यापकांनी वहीत लिहून घेतला. स्वच्छतागृहाची कडी नंतर बसली, टाकीचे अजून पाहायचे आहे.

उणिवाही नोंदवायला हव्यात. वीज गेली की आधारचे काम थांबते आणि इन्व्हर्टर मुख्याध्यापकांच्या खोलीपुरताच आहे. व्हरांड्यात ज्येष्ठांना बसायला बाके आहेत, पण ती पहिलीच्या मुलांची आहेत. गुडघे दुखणाऱ्याने घरून खुर्ची आणलेली बरी. अपंग व्यक्तीला रॅम्प आहे, मात्र त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात. शिवाय सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीमुळे रामकुंडाच्या परिसरातील रस्ते वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी शाळेच्या फाटकावरील सूचना किंवा पालकांच्या गटावरील संदेश पाहून घ्यावा.

जाताना मूळ जन्मदाखला, शिधापत्रिका, आई-वडिलांची आधारकार्डे आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असू द्यावा. ओटीपी ज्या फोनवर येतो तो घरी विसरलेले बरेच जण परत जाताना दिसतात. सर्व कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आधीच काढाव्यात, कारण कोपऱ्यावरचे दुकान शनिवारी दुपारी बंद असते. दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर, म्हणजे मे अखेर ते जुलै, येथे पाय ठेवायला जागा नसते. प्रवेशासाठी लागणारे जातीचे आणि अधिवासाचे दाखले काढायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. त्या महिन्यांत लिपिक बाईंना जुने रजिस्टर काढून शांतपणे पाने पाहायला वेळ असतो.