इंटरनेट रेडिओ रेकॉर्ड करून गाडीत ऐकतोय: आठ महिन्यांनंतर

रोजचा जाऊन-येऊन दीड तास गाडीत जातो. आधी मोबाइलवर थेट रेडिओ लावायचो, पण नेमकं बोलणं रंगात आलं की रेंज जायची. शिवाय मला आवडणारे कार्यक्रम माझ्या झोपेच्या वेळी लागतात. म्हणून रात्री घरचा जुना लॅपटॉप रेकॉर्ड करतो आणि सकाळी पेन ड्राइव्ह गाडीत लावतो. आठ महिने हेच चाललंय आणि आता याशिवाय करमत नाही.

रेकॉर्डिंग सोपं आहे. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ हाताळणाऱ्या मोफत प्रोग्रामला स्टेशनच्या स्ट्रीमचा (थेट प्रसारणाचा) पत्ता द्यायचा, 'कॉपी' सांगायचं आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी लिनक्समधली सोय) वेळ लावून ठेवायची. कॉपीमुळे आवाज पुन्हा एन्कोड होत नाही. जसा येतो तसाच साठतो, दर्जा घसरत नाही आणि जुन्या प्रोसेसरवर ताणही येत नाही. १२८ केबीपीएस बिटरेटचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एक तास साधारण ५८ एमबीत बसतो, त्यामुळे जागेची चिंता नाही. स्टेशन दुसऱ्या देशातलं असेल तर तिथलं घड्याळ उन्हाळ्यात तासभर सरकतं का, एवढं मात्र बघा. माझा एक अख्खा आठवडा त्यात गेला, रोज भलताच कार्यक्रम हाती लागायचा.

खरी मेहनत गाडीच्या स्टिरिओने करायला लावली. सुरुवातीला दोन-दोन तासांच्या सलग फाइल्स ठेवायचो. एका मुलाखतीत अडतीसाव्या मिनिटाला पेट्रोलसाठी थांबलो, गाडी परत सुरू केली, तर मुलाखत पहिल्यापासून. बटण दाबून पुढे न्यायला गेलो तर दहा-दहा सेकंदांनी सरकते! त्या दिवसापासून पंधरा मिनिटांचे तुकडे करतो. एफएफएमपेग रेकॉर्ड करतानाच ते पाडून देतो. आता फार तर एक तुकडा पुन्हा ऐकावा लागतो.

मग तुकड्यांचा क्रम बिघडला. नावं ०१, ०२ अशी नीट दिली होती, तरी तिसरा भाग पहिल्याच्या आधी वाजायचा. माझा स्टिरिओ नाव बघतच नाही, ड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइल्स लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतो. आता फोल्डर रिकामा करून एकेक फाइल क्रमाने कॉपी करतो. लिनक्सवर फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन हेच काम चुटकीसरशी करतं. ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला ठेवा, एक्सफॅट ही नवी पद्धत माझ्या स्टिरिओला वाचताच येत नाही.

फॉरमॅटबद्दल कळकळीने सांगतो: निवड असेल तर एमपी३ स्ट्रीमच घ्या. कमी बिटरेटची बरीच स्टेशनं एचई-एएसी (एएसी या आवाजाच्या फॉरमॅटचा कमी डेटात बसणारा प्रकार) वापरतात. मोबाइलवर ती छान वाजतात, पण साधं एएसीच समजणाऱ्या स्टिरिओवर आवाजाचा वरचा भाग गळून पडतो आणि माणूस गोधडीतून बोलल्यासारखा वाटतो. असं स्टेशन फारच आवडत असेल तर ते तेवढं एमपी३मध्ये बदलून घ्यावं. दुसरं, एका रात्री वीज गेली तेव्हा एमपी३चा अर्धवट तुकडा व्यवस्थित वाजला, एएसी आवाज ठेवणारी एम४ए फाइल मात्र उघडलीच नाही, कारण तिची अनुक्रमणिका (आत काय कुठे आहे त्याची यादी) बहुधा शेवटी लिहिली जाते.

गाणी आपोआप वेगळी करणारा प्रोग्रामही महिनाभर वापरला. तो स्टेशनकडून येणाऱ्या शीर्षकावर कापतो आणि शीर्षक बरेचदा काही सेकंद मागेपुढे येतं, त्यामुळे एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटतो. मला ते सहन झालं नाही. निवेदकासकट सलगच ऐकतो, आणि खरं तर रेडिओ मला त्या निवेदकासाठीच हवा असतो.