हातात कोणता कागद येतो? घरगुती हिंसाचारासाठीच्या मदतसेवांचं परीक्षण

महाराष्ट्रात मार खाणाऱ्या बाईसाठी मदतीच्या सोयी कमी नाहीत. आणीबाणीचा ११२ आहे, महिला हेल्पलाईनचा १८१ आहे, आसरा आणि मदत एकाच छताखाली देणारं सरकारी सखी केंद्र, घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी, पोलीस आवारातला विशेष कक्ष, पोलिसांचा भरोसा सेल, सरकारी दवाखाना, गावात तंटामुक्त समिती. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं, आणि तीही बहुतेकींनी माहेरी. म्हणजे या सोयींपर्यंत तिला पोचवणारं माणूस बहुधा शेजारीण, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष किंवा सोसायटीचा वॉचमन असणार. त्या माणसाच्या जागी बसून हे परीक्षण केलं आहे. कसोटी एकच लावली: त्या दारातून बाहेर पडताना बाईच्या हातात तारीख घातलेला कोणता कागद येतो? पुढे कोर्टात, पोलिसांत, पोटगीत तोच बोलतो. गोड बोलणारी पण कागद न देणारी सेवा इथे खालच्या नंबरावर आहे.

आधी ओळखण्याबद्दल, कारण गाडी तिथेच अडते. काळानिळा डोळा शोधत बसलं तर निम्मं सुटतं. गटाच्या बैठकीला येणारी बाई यायची बंद होते आणि तिचा हप्ता नवरा आणून देतो. तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, किंवा तोच उचलतो. एटीएम कार्ड त्याच्याकडे, भाजीच्या पैशांचाही हिशेब द्यावा लागतो. दिवाळीला, भावाच्या लग्नाला माहेरी पाठवलं जात नाही. भर मे महिन्यात लांब बाह्या. बाहेरून कडी. मुलं अंगणवाडीत अधूनमधून गैरहजर, आणि आली की कोपऱ्यात. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर काहीच सिद्ध होत नाही. तीन-चार एकत्र दिसल्या तर विचारायला हवं. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची कोंडी यांनाही हिंसाचारच म्हणतो. ‘हात कुठे लावला त्यानं’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

विचारायचं ते एकटीला गाठून: नळावर, गिरणीत, शाळेच्या फाटकाशी. सासूसमोर नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही, कारण फोन तपासला जातो. ‘वहिनी, घरात कुणाची भीती वाटते का?’ एवढं पुरे. ‘नाही’ म्हणाली तर विषय बदलायचा, दार उघडं ठेवायचं. ‘सोड त्याला’ असा सल्ला देऊ नये. घर सोडण्याच्या आसपासचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि कधी निघायचं याचा अंदाज तिलाच चांगला असतो.

आता सेवा. मार चालू असताना ११२, दुसरं काही नाही. हा नंबर पोलिसांचं वाहन पाठवतो. समुपदेशन करत नाही, त्यानं करूही नये. फोन करणारा चुकतो तो पहिल्याच वाक्यात: ‘शेजारी नवरा-बायकोचं भांडण चाललंय.’ भांडण म्हटलं की प्रकरण तिथेच हलकं होतं. ‘बाईला मारहाण चालू आहे, आत्ता ओरडण्याचा आवाज येतोय, घरात दोन लहान मुलं आहेत,’ असं सांगा. मग विंग, मजला, गल्लीची खूण. हातात हत्यार, रॉकेल, गॅसची नळी असं काही दिसलं-ऐकलं असेल तर तेही. आपलं नाव त्या घरात सांगू नका, अशी विनंती करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. कागदाच्या कसोटीवर ११२ चे गुण एवढेच, पण तो क्रमांक आणि वेळ पुढे फार कामाला येते. वाहन येईपर्यंत ‘बेल बजाओ’ मोहिमेनं २००८ पासून सांगितलेली युक्ती करावी: बेल वाजवायची आणि विरजण आहे का, पाणी आलंय का, असं काहीतरी किरकोळ विचारायचं. मारणाऱ्याची लय तुटते. एकट्यानं आत शिरू नये, आणि दार उघडल्यावर ‘मी सगळं ऐकलं’ हे तर बोलूच नये. त्याची वसुली रात्री तिच्याकडून होते.

मारहाण थांबल्यावर लोक पोलीस ठाण्याकडे धावतात. जखम असेल तर आधी दवाखाना, हे आमचं ठाम मत. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. आम्ही पाहिलेल्या सगळ्या रचनांमध्ये ही सर्वांत शहाणी. कारण साधं आहे: दवाखान्यात जायला बाईला सहसा कुणी अडवत नाही आणि तिथं जाण्यात फारसा कुणाला संशय येत नाही. पुन्हापुन्हा डोकेदुखी, पोटदुखी, ‘चुकून औषध प्यायली’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ अशा तक्रारींमागचं कारण ओळखायला कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असतं आणि समुपदेशक त्याच इमारतीत बसते.

दिलासा नसलेल्या गावात ग्रामीण रुग्णालय चालतं, फक्त केसपेपरवर काय लिहिलं जातंय याकडे लक्ष हवं. सोबत आलेला नवरा ‘बाथरूममध्ये पडली’ म्हणतो, ते तसंच उतरतं आणि तो कागद पुढे तिच्याविरुद्ध वापरला जातो. तिला एकटीला तपासण्याची विनंती डॉक्टरांना करा. कुणी, कशानं, कधी मारलं, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद) नोंदवायला सांगा. जुन्या वणांचीही नोंद करून घ्यावी; मार एकाच दिवसाचा नाही, हे त्यातून दिसू शकतं. गळा आवळला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही असं होतं. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, मधली काही मिनिटं आठवत नसणं: यातलं एक जरी असलं तरी त्याच रात्री तपासणी हवी, कारण सूज नंतर वाढून जीवावर बेतू शकतं. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घरगुती घटनेचा अहवाल (कायद्यानं ठरवून दिलेला फॉर्म, त्याबद्दल पुढे) तयार झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवण्याची जबाबदारी कायद्याच्या नियमांनी दवाखान्यावरच टाकली आहे. हे बऱ्याच दवाखान्यांना माहीत नसतं. आठवण करून द्यावी लागते.

संरक्षण अधिकारी ही कागदोपत्री सर्वांत भक्कम सेवा, पण फारशी न वापरली जाणारी. पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात मिळतो. २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसाचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती कुणीही देऊ शकतं, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर दावा चालत नाही. ‘उगाच माझ्यावर केस होईल’ या भीतीचं उत्तर कायद्यानं २००६ पासूनच देऊन ठेवलंय. तोंडी माहिती अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची, सही घ्यायची आणि एक प्रत फुकट द्यायची. ती मागून घ्या.

मग भरायचा तो घरगुती घटना अहवाल, नमुना १. हा फॉर्म चांगला केलेला आहे, म्हणून थोडं जवळून पाहू. प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा, करणारा कोण, असे रकाने. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक हिंसा वेगवेगळी, हुंड्याचा छळ वेगळा. आर्थिक भागात घरखर्चाला, मुलांना, औषधाला पैसे न देणं असे बारीक मुद्दे दिलेत. बाई स्वतःहून ते सांगत नाही, कारण तिच्या लेखी तो ‘त्रास’ नसतोच. स्त्रीधनाची यादी आणि वैद्यकीय कागद सोबत जोडता येतात. फॉर्म लंगडा पडतो तो ‘नेहमी मारतो’ असं मोघम लिहिल्यानं. म्हणून शेजारणीनं स्वतःच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याचे खाडे मांडतो तशी, आवाज आलेल्या रात्रींची खूण आणि वेळ टिपून ठेवावी. साक्षीच्या वेळी आठवणीपेक्षा ती खूण भारी पडते.

अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्याच कायद्याच्या कलम १२ चा अर्ज ती राहते त्या ठिकाणच्या कोर्टात करता येतो, म्हणजे माहेरी गेली असेल तर तिथेही. त्यात मारझोड थांबवण्याचा, घरात राहण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश मागता येतो. घाई असेल तर समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेशही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आता उणी बाजू. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिनेच्या महिने जातात. अनेक ठिकाणी अधिकाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्या योजनांच्याही फायली असतात. पहिल्या खेपेला भेट होईलच असं नाही. फोन करून जा, आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, नंबर १५१००.

पोलीस आवारातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला. तिथं खाकी वर्दी नसते, समाजकार्य शिकलेल्या बाया असतात; ठाण्यात जायला घाबरणारीसाठी हे दार उत्तम. नागपूरपासून सुरू झालेले भरोसा सेलही उपयोगी. दोन्हीकडे एक सावधगिरी: ‘समुपदेशन’ आणि ‘तडजोड’ यांत गल्लत होऊ देऊ नका. तिला गुन्हा नोंदवायचा असेल तर समुपदेशनाच्या तारखा संपेपर्यंत थांबायची सक्ती नाही. नवरा-सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून बोळवण होत असेल तर तिचीही प्रत घ्या, आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

१८१ माहितीसाठी चांगला, चोवीस तास चालतो, सखी केंद्राशी जोडून देतो. सखीत थोडे दिवस राहता येतं. सोबतचा मुलगा मोठा असेल तर त्याला ठेवून घेतात का, हे निघण्याआधीच विचारा. नंबर ‘महिला हेल्पलाईन’ नावानं सेव्ह करू नये, ‘शिलाई क्लास’ लिहावं.

सर्वांत कमी गुण तंटामुक्त समितीला, आणि आमची त्यावर दुसरी बाजू नाही. २००७ पासून बांधाच्या, पाण्याच्या भांडणांत या मोहिमेनं कामं केली असतील. पण मारहाणीत पंच बसतात, भावकी जमते, स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे नीट नांदवीन’ असं लिहिलं जातं आणि खाली बाईचाही अंगठा असतो. हा कागद नसलेला परवडतो. त्यात मारल्याची तारीख नसते, जखम नसते, ‘आपसात मिटले’ एवढंच असतं, आणि पुढच्या वेळी तोच कागद तिच्या तोंडावर फेकला जातो. सही करायचीच वेळ आली तर ‘अमुक तारखेला मारल्याचे मान्य’ हे वाक्य आधी लिहून घ्यावं. तिथं बहुतेक बैठका आपोआप मोडतात.

निघायची वेळ येण्याआधी शेजारणीकडे एक पिशवी असावी: आधार, पासबुक, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स, केसपेपर, रोजची औषधं, घराची जादा किल्ली, थोडे सुटे पैसे. एक खूण ठरवावी. खिडकीत उलटी टांगलेली परडी चालते, एकच मिस्ड कॉल चालतो. कोर्टाचा आदेश मिळाला की त्याची प्रत मोफत मिळते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. त्या आदेशाची एक झेरॉक्सही त्याच पिशवीत ठेवावी, कारण रात्री अकराला आलेला हवालदार पहिला प्रश्न ‘ऑर्डर कुठाय?’ हाच विचारतो आणि मूळ प्रत तेव्हा नेमकी कुलपाच्या आत असते.