नळाचं पाणी काळं करून दाखवणारे: माझे 77,050 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत धीर व्हायचा नाही. पाण्याचं मशीन 68,500 रुपये. शुगरवरच्या चूर्णाचे तीन डबे, प्रत्येकी 2,850 प्रमाणे, 8,550 रुपये. एकूण 77,050. दवाखान्याचे 31,460 यात धरलेले नाहीत. आणि मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. हसून घ्या.

मेचा तिसरा रविवार. मानेवाडा-बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत आरोग्य शिबिर’. बाहेर नागपूरचं ऊन, आत त्यांनी आणलेले दोन मोठे कूलर. निम्मे लोक कूलरसाठीच आले असतील. मीही त्यातलाच.

बोलणारा पोरगा तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. सुरुवात तर्री पोह्यांपासून. तेच तेच तेल, तीच तर्री, त्यात सावजीचा मसाला. लोक हसले. मग त्यानं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं: 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, ती बातमी. कोराडी वीजकेंद्राची राख, कन्हान नदीचं पाणी, तेच तुमच्या माठात. म्हणे खाण्यात विष, हवेत विष, पाण्यात विष, आणि या विषावर डॉक्टर देतो ते गोळ्यांचं विष. बंधारा खरंच फुटला होता, हीच तर गोम. बातमी खरी, म्हणून पुढचंही खरंच वाटत गेलं.

मग दोन ग्लास. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं ‘अल्कलाइन’, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. मीटर बुडवला: नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 210, मशीनचं 28. “210 म्हणजे स्लो पॉयझन, सर.” भारतीय मानकात 500 पर्यंत पाणी चांगलं धरतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मग दोन्ही ग्लासांत कांड्या सोडून प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, वर काळपट फेस. मशीनचं तसंच नितळ. मागून कोणीतरी “अरे बाप्पा!” म्हणालं. बायकोनं माझा दंड धरला.

आता ऐका, कारण या जागेवर मी गेले चार महिने रोज रात्री परत जातो. प्रयोग संपल्यावर त्यानं कांड्या बाहेर काढल्या, कोपऱ्यात गेला आणि खिशातून पॉलिश पेपर काढून त्यातली एक कांडी घासू लागला. मी शेजारीच उभा. कांडी लोखंडाची होती, गंजलेली, टोकाशी झिजून बारीक झालेली. त्याला हात पुसायला फडकं सापडेना, तर माझ्या गळ्यातला दुपट्टा मीच दिला. त्यावरचे ते तांबडे डाग अजून गेले नाहीत. अहो, हे विद्युत अपघटन! दरवर्षी दहावीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवलं मी. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं, गंज तयार होतो. क्षार नसले की वीज वाहत नाही, पाणी नितळ राहतं. घाण पाण्यात नव्हतीच, कांडीत होती. नातीनं तर विचारलंही, “आजोबा, ती दांडी काऊन छोटी झाली?” मी म्हटलं, चूप बस, मोठे बोलून राहिले.

काय करू, मनात दुसरंच चाललं होतं. बायकोला 11 वर्षांपासून शुगर. तिच्या आईचा पाय शुगरपायी कापावा लागला होता. यंदा हिच्याही तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. त्या पोरानं तिला ‘काकू’ म्हणून समोर बसवलं, हातात धातूची मूठ दिली आणि लॅपटॉपवर चाळीस ओळींचा रिपोर्ट काढला. मूत्रपिंड लाल रंगात. “काकू, या गोळ्यांनीच किडनी चालली.” नवरा म्हणून त्या क्षणी माझं डोकं बंद पडलं. तुमचं पडलं नसतं, असं छातीवर हात ठेवून सांगा. (रक्ताचा थेंब न घेता किडनी सांगणारं मशीन दिसलं की तिथून उठा.)

पैसे दोनदा दिले. 11,000 त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर, कारण ‘आजची ऑफर’. 57,500 चा चेक दुसऱ्या दिवशी. पावतीवर मशीन हा शब्दच नाही, ‘आजीव सदस्यत्व शुल्क’ लिहिलंय. वाचली नाही. पावती वाचा, चष्मा घरी असेल तर घरी जाऊन चष्मा आणा.

चूर्णात मेथी, जांभळाची बी, कारलं, गुडमार. डब्यावरच छापलंय. हेच सगळं इतवारीतल्या किराणा ओळीत दोन-तीनशेत येतं. वाईट वस्तू नाहीत त्या, आमच्या घरी मेथी आजही भिजते. पण त्यानं हिला गोळी ‘हळूहळू सोडा’ सांगितलं आणि ही हळूहळूसुद्धा थांबली नाही, पंधरा दिवसांत दोन्ही वेळची मेटफॉर्मिन बंद. मला सांगितलंही नाही. 3 जुलैला सकाळी स्वयंपाकघरात बसली ती उठलीच नाही. शुगर 418. तीन दिवस दवाखाना. डॉक्टर बाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, मेटफॉर्मिननं किडनी खराब होत नाही, किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करतात. तीच गोष्ट उलट करून विकतात हे लोक. आणि अल्कलाइन पाणी? पोटात आम्ल आहे सर, गेलं की संपलं. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, साडेसात हजारांचं असो की सत्तर हजारांचं, कुठलं मशीन नाही. ‘सर’ म्हणाल्या, ते जास्त लागलं.

आरओवाल्या पोरानं मशीन उघडलं. साधा आरओ, वर एक खड्यांचं कार्ट्रिज. त्याच्या मते आठ-नऊ हजारांचा माल.

मग सुरू झाली फेरी. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “तुम्ही राजीखुशीनं पैसे दिले ना? दिवाणी मामला आहे.” एका सरकारी कार्यालयात पहिल्या मजल्यावर सांगितलं, मशीन आमच्याकडे येत नाही, चूर्ण वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला भेटले, तर म्हणे डबा फोडलेला आहे, सीलबंद आणा. सीलबंद आणायला आणखी 2,850 घालू का? मी त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं, ‘मधुमेह मुळापासून’ असं ठळक छापलेलं. 1954 चा जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. साहेब म्हणाले, “ही जाहिरात कुठे आहे, हे तर पत्रक आहे.” घरी येऊन कायदा काढला. पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकंच काय, धुरानं काढलेली अक्षरंही त्यात जाहिरात धरली आहेत. धूर धरला हो त्यांनी, 1954 साली! आणि या माणसाला हातातला कागद दिसेना. पुन्हा गेलो तर त्यांची बदली. नव्यांनी अर्ज नव्यानं लिहायला सांगितला, दोन प्रतींत, आणि झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे. आतापर्यंत सहा खेपा, आवक क्रमांक एक, उत्तर शून्य. कंपनीचा फोन सांगतो, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करून घ्या, तारीख आणि क्रमांक हाती राहतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट पुसू नका. घरी शंका असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि त्यांच्याच ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ. पंधरा मिनिटांत तेही तांबूस होतं. घरातल्या प्लगवर मात्र हा उद्योग करू नका, जीव जाईल.

एक गोष्ट लिहायची राहिलीय, मुद्दाम ठेवली होती. दोन नावं दिली तर 2,000 सूट होती, म्हणून मी दोन नावं दिली. माझे 68,500 हे सूट धरून आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी 70,500 मोजले, पोराच्या फीचे. परवा जिन्यात भेटल्या. भांडल्या नाहीत. पिशवी दुसऱ्या हातात घेत एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही विज्ञानाचे, म्हणून आम्ही घेतली.”