माशांच्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर, 9 महिने झाले: पाणी काचेसारखं, पण त्या रबरी रिंगने जीव खाल्ला

मागच्या आठवड्यात सकाळी सहाला उठलो तर हॉलभर पाणी, टीव्ही युनिटखालचा प्लायवूड फुगलेला आणि टाकीतलं पाणी चार बोटं खाली. आदल्या रात्री टाकीखालचा हा बंद डब्याचा फिल्टर साफ करून बसवला होता. मोटर व्यवस्थित चालू होती, गळत होतं ते वरचं डोकं (हेड) आणि खालचा डबा यांच्यामधून, म्हणजे ती काळी ओ-रिंग. जिथून घेतला तिथे फोन केला तर म्हणे रिंग सुटी मिळत नाही, अख्खं हेड बदलावं लागेल, 2800 रुपये. वॉरंटीत रबर येत नाही. अहो, मग दर महिन्याला उघडायच्या वस्तूचं रबर सुटं का नाही ठेवत?? अजून डोकं फिरतं.

टाकी 4 फूट बाय दीड बाय 2, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण 300 लिटर पाणी. दोन ऑस्कर मासे आहेत. ज्यांनी पाळलेत त्यांना माहितीये, खातात तेवढीच घाण करतात, पेलेट चावताना निम्मा चुरा गिलांतून बाहेर. आधी वर टांगायचा पॉवर फिल्टर होता तो आठ दिवसांत चोंदायचा, म्हणून हा घेतला. संप, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत पाणी उतरवून गाळायची सोय, करायचा विचार होता पण टाकीला भोक पाडायचं, खाली दुसरी टाकी, पाणी पडायचा आवाज, आईला रात्री झोप लागत नाही, म्हणून तो राहिला.

खोक्यावर ताशी 1400 लिटर लिहिलंय. मी मीडिया (डब्यातलं गाळायचं सामान) भरून, पाइप जोडून, बादली लावून मोजलं, 15 लिटरची बादली भरायला 1 मिनिट 5 सेकंद लागले, म्हणजे ताशी 830 च्या आसपास. तो आकडा रिकाम्या डब्याचा असतो, स्पंज, सिरॅमिक रिंग्ज आणि पाइपची उंची आली की प्रवाह पडतोच. तेव्हा मोठी टाकी असेल तर लागेल त्याच्या दुप्पट आकड्याचा घ्या.

पहिल्या महिन्यात मी एक घोडचूक केली, सगळा मीडिया नळाखाली खळाखळा धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने मासे टिकवणारे बॅक्टेरियाच मरतात आणि ते परत तयार व्हायला चार-सहा आठवडे जातात. पाणी दुधासारखं पांढरं झालं, मासे वर येऊन तोंड मारायला लागले. आता टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज फक्त पिळतो, सिरॅमिकला हात लावत नाही.

पाचव्या महिन्यात मी मनातल्या मनात याला एक स्टार दिला होता, कारण पाणी चकाचक असूनही माशांच्या घाणीतून साचणारं नायट्रेट उतरेना. टेस्ट किटचा रंग दर वेळी लालच. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की चूक फिल्टरची नव्हती. तो घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो, पुढे नायट्रेट साचत जातं, ते बाहेर काढायला पाणीच बदलावं लागतं. आता दर रविवारी पाच बादल्या, 75 लिटर, क्लोरीन मारायचं औषध टाकून. किट केशरीवर आलं. त्या एका स्टारबद्दल मला खरंच वाईट वाटलं.

लाइट जाते तिथल्या लोकांनी मात्र हे नक्की वाचा. आमच्याकडे मेंटेनन्सला सहा तास लाइट गेली, डबा बंद, आत पाणी थांबलेलं, बॅक्टेरियांनी त्यातला ऑक्सिजन संपवला आणि मरायला लागले. लाइट आल्यावर ते कुजकं पाणी सरळ टाकीत, सडलेल्या अंड्यासारखा वास. मोठा ऑस्कर दोन दिवस कोपऱ्यात पडून होता, मी ऑफिसला दांडी मारली. तेव्हापासून दोन-तीन तासांच्या वर लाइट गेली की आधी डब्यातलं पाणी ओतून देतो, मगच चालू करतो. शिवाय साधा स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअर पंपावर कायम लावून ठेवलाय, तो स्वस्तातला असून त्या दिवशी त्यानेच मासे वाचवले असते.

तर रिंग. जुनी रिंग खिशात घालून मी ऑइल सील आणि बेअरिंग विकणाऱ्या दुकानात गेलो, काकांनी व्हर्नियरने जाडी मोजली, व्यास बघितला आणि पुड्यातून तशीच रिंग काढून दिली, 60 रुपये. 2800 आणि 60! वर सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब घेतली. व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. बसवताना खोबणीत वाळूचा एक कण राहिला तरी गळतं, बोट फिरवून बघायचं, मग चारही क्लिपा समोरासमोरच्या जोडीने एकदम लावायच्या. माझ्या आधीच्या रिंगला ग्रीस कधीच लावलं नव्हतं, मॅन्युअलमध्येही त्याबद्दल एक ओळ नाही.

आठ दिवस झाले, थेंब नाही. पाण्याला साडेचार स्टार, दुकानदाराच्या सर्व्हिसला शून्य. दोन रिंगा जास्तीच्या आणून ड्रॉवरमध्ये ठेवल्यात आणि डब्याखाली जुनी चहाची परात सरकवलीये, रोज सकाळी आधी तिच्यात बघतो.