लोअर आर्म बदलून आठ महिने झाले: पुढच्या चाकातल्या कर्रकर्र आवाजाची हकिकत

लोअर आर्मची, म्हणजे पुढची चाकं गाडीच्या चौकटीला खालून जोडणाऱ्या दांड्यांची, जोडी बदलून या महिन्यात आठ महिने झाले आणि त्यावर गाडी ९,४०० किलोमीटर चालली. एवढी चालवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आधीच्या दुरुस्तीनंतर आठवड्याभरातच मी चार जणांना ‘आवाज गेला’ म्हणून सांगून बसलो होतो आणि चौथ्या महिन्यात तोंडावर पडलो.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम सातारा. आवाज सुरू झाला तेव्हा ७८,००० किलोमीटर झाले होते. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. खाली लोअर आर्म. आणि डावं-उजवं जोडणारी आडवी सळई, जिला आमच्याकडचे मेकॅनिक जंपिंग रॉड म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची बाजू अशीच असते, त्यामुळे गाडी कोणती याला महत्त्व नाही.

डिसेंबर २०२३. सकाळी गेटमधून निघताना गटारावरच्या फरशीवर पुढचं चाक चढलं की कर्रर्र. बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचं राहून गेलं की जसा येतो, अगदी तसा. दुपारी गाडी तीच, फरशी तीच, आवाज जवळजवळ नाही. यवतेश्वरच्या घाटात वळणावर नाही, खड्ड्यात आदळली तरी नाही, पण गतिरोधकावर सावकाश चढताना हमखास. बायको म्हणाली, “गाडी वाजतेय का तुमचं डोकं?” दोन दिवस मलाही तशी शंका होती, कारण पुढच्या सीटखाली मुलीची छत्री सापडली आणि तीही थोडीफार वाजत होती. छत्री काढली. कर्रर्र राहिलीच.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी एकदा गतिरोधकावरून नेऊन आणली आणि निकाल दिला, “शॉकअप गेलेत, जोडी बदलावी लागेल.” अंदाज १४,५०० रुपये. शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन थांबत होती, डुलत नव्हती. म्हणजे शॉकअप शाबूत दिसत होते, म्हणून मी गाडी घेऊन परत आलो. गल्लीतल्या मिस्त्रीने खाली वाकून चारी बाजूंना कसलासा तेलकट स्प्रे मारला आणि पन्नास रुपये घेतले. चार दिवस शांतता, पाचव्या सकाळी पुन्हा कर्रर्र.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांचं आयुष्य कमान-पाट्यांच्या गाड्यांत गेलं. तिथे पिन-बुश वाजला की ग्रीस मारायचं आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हिला ग्रीस निपलच नाही कुठे.” म्हणजे ग्रीस भरायचं तोंड. खरंच नाही. आताच्या गाड्यांचे बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचे गोळीचे सांधे) बंद असतात आणि बाकी सगळा कारभार रबरावर. या रबराला पेट्रोलियमचं तेल किंवा साधं ग्रीस चालत नाही. नैसर्गिक रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. पन्नास रुपयांचा तो स्प्रे म्हणजे चार दिवसांचं भूल देणं होतं. मारायचाच तर सिलिकॉन स्प्रे, आणि तोही दोष शोधण्यापुरता.

अण्णांनी दुसरी एक कामाची गोष्ट केली. मुलीची अर्धी कोरी वही मागवली आणि रोज लिहायला लावलं: थंड गाडी की गरम, एक चाक चढलं की दोन्ही, ब्रेक दाबलेला होता का, स्टेअरिंग वळलेलं होतं का. आणि आवाज कसा आला ते शब्दात. ‘आवाज येतो’ एवढंच मेकॅनिकला सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘दुखतंय’ एवढंच सांगणं. आपल्या भाषेत आवाजाला शब्दांची काय कमी? कर्रर्र किंवा कुईकुई म्हणजे बहुधा कोरडं किंवा फाटलेलं रबर धातूवर घासतंय. बारीक खड्ड्यांवर, वेग कमी असताना टकटक-खडखड म्हणजे कुठेतरी सांध्यात ढिलाई, आणि पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे जंपिंग रॉडचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या सळईवर. ब्रेक दाबला की एकच धप्प म्हणजे आर्मच्या मागच्या बुशवर (आर्म चौकटीला जोडतात तिथल्या रबरावर) संशय. पूर्ण स्टेअरिंग वळवून पुढे निघताना कटकटकट झालं तर सस्पेन्शन सोडा, एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना टण्ण करून स्प्रिंग सुटल्यासारखं वाजलं तर स्ट्रटच्या वरच्या टोकाचं बेअरिंग धरतंय. माझ्या वहीत पंधरा दिवस एकच नोंद होती: थंड, हळू, एक चाक, कर्रर्र. आणि गाडी कोरडी असताना. गाडी धुतली त्या दिवशी आवाज नाही, हेही त्याच वहीतून कळलं.

तरीही मी उतावीळपणा केलाच. पुण्याला गेलो होतो तेव्हा नाना पेठेतून जंपिंग रॉडला चौकटीशी धरून ठेवणारे डी बुश घेऊन आलो, रबराऐवजी पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे. रबरापेक्षा जास्त टिकतात असं दुकानदार म्हणाला, आणि टिकत असतीलही. पण हे कडक बुश सळईवर कोरडे बसवले की स्वतःच कुरकुरतात. बसवताना त्यांना त्यांचं खास ग्रीस लागतं आणि ते अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. आमच्या मिस्त्रीने कोरडेच बसवले. आता गाडीत दोन आवाज झाले. आठवड्याने काढून जुने रबरी परत घातले. रोज खडीच्या रस्त्याने जाणाऱ्या साध्या गाडीला पॉलियुरेथेन घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

मग एका रविवारी आम्ही बापलेक नीट बसलो. आधी दोन्ही लिंक रॉड सोडले आणि बांधून ठेवले. असं केलं की जंपिंग रॉड कामातून जातो. गल्लीत अगदी सावकाश गाडी फिरवली (वळणावर ती नेहमीपेक्षा कलते, म्हणून मोठ्या रस्त्यावर नेऊ नये). कर्रर्र तशीच. डी बुश आणि लिंक रॉड संशयातून सुटले, म्हणजे माझे नाना पेठेचे पैसे वाया. नंतर मुलीला स्टेअरिंग फिरवायला बसवलं आणि मी स्प्रिंगवर बाहेरून हलकेच तळवा ठेवला, बोटं वेढ्यांत न घालता. बेअरिंग धरत असेल तर स्प्रिंग थांबून झटक्याने सुटते. इथे मऊ फिरत होती. मग चाक जॅकवर, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं. बॉल जॉइंटला, टाय रॉडला (चाक वळवणाऱ्या दांड्याला) ढिलाई नाही.

उरले आर्मचे बुश. इथे पाणी उपयोगाला आलं. कुंड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. चाकं जमिनीवर, गाडी बंद. अण्णा फेंडरवर जोर देऊन गाडी खाली-वर करायचे, मी बाजूने आडवा पडून एका वेळी एकाच बुशवर पाणी मारायचो. उजवीकडचा मागचा बुश भिजवला, फरक नाही. मला तर आवाज उजवीकडूनच येत होता! डावा मागचा भिजवला आणि गाडी मुकी झाली. दहा मिनिटांनी पाणी ओसरलं, पुन्हा कर्रर्र. पुन्हा पाणी, पुन्हा मुकी. हे तीनदा करून पाहिलं. डावीकडचा आवाज खालच्या लोखंडी चौकटीतून फिरून उजव्या पायाशी ऐकू येत होता. वाहनाच्या आत बसून बाजू ठरवण्यात अर्थ नाही.

टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, आर्म किंचित उचलला तेव्हा बुशमधली भेग दिसली. हा बुश म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. ते घासायला बनलेलंच नाही, पिळलं जाऊन परत यायला बनलंय. चिकटलेली जागा सुटली की मग ते घासतं आणि वाजतं. थंडीत रबर कडक होतं म्हणून सकाळी जास्त.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही आर्मचे बुश प्रेसवर बसवून घेतले. बुश ९०० रुपये, प्रेस आणि मजुरी १,४००. आवाज बंद. मी चार जणांना सांगितलं ते याच वेळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, पुन्हा डावीकडे कर्रर्र आणि या वेळी ब्रेकवर धप्पसुद्धा. नवा बुश चार महिन्यांत फाटला होता. मिस्त्री म्हणाला, “माल डुप्लिकेट.” असेलही. पण अण्णांनी विचारलं, “बोल्ट आवळले तेव्हा चाकं कुठे होती?” हवेत. गाडी जॅकवर होती, आर्म खाली लोंबत होता आणि त्याच अवस्थेत बोल्ट पक्के आवळले होते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी बांधली जाते. गाडी खाली उतरली की आर्म वर फिरतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. त्यावर प्रत्येक खड्डा आणखी पीळ देतो. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, दोन-चार वेळा हलवून बसू द्यायची आणि मगच सांगितलेल्या टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळायचं. त्याला पिट किंवा ज्यावर गाडी चाकांवर उभी राहते असा रॅम्प लागतो. वेळ जातो, म्हणून टाळलं जातं.

दुसऱ्या खेपेला बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्मची जोडी घेतली: ५,२०० रुपये, मजुरी १,२००, अलाइनमेंट ६००. शेवटचा आवळ मी समोर उभं राहून करून घेतला. मिस्त्री वैतागला. वैतागू दे.

जून २०२४ ते आता फेब्रुवारी २०२५. पावसाळाभर गाडी गप्प होती, पण त्याचं श्रेय मी कामाला दिलं नाही, कारण ओल्या रबराने आधीही फसवलं होतं. कासच्या रस्त्यावर धो धो पावसात कुठलीही गाडी शहाणीच वाटते. खरी परीक्षा डिसेंबरची. पहाटे साडेपाचला गटाराची तीच फरशी, काचा खाली, रेडिओ बंद. काही नाही. जानेवारीतही काही नाही. पुढचे टायर आतल्या कडेने झिजत होते तेही थांबलं, आणि ब्रेक मारताना स्टेअरिंग किंचित डावीकडे जायचं ते गेलं. हा दोष मी इतका अंगवळणी पाडून घेतला होता की गेल्यावरच कळला. तक्रार एकच: पुढची बाजू आधीपेक्षा जरा टणक वाटते, लहान खड्डे पायाला कळतात. पहिले दोन महिने जास्त, आता कमी.

एकूण हिशेब ९,३०० रुपये, डी बुश आणि स्प्रे वेगळे. थेट आर्म घेतले असते तर ७,००० त भागलं असतं. जुने शॉकअप अजून तेच आहेत, ९२,००० किलोमीटरला, कोरडे.

वहीतली शेवटची नोंद परवाची आहे: गरम गाडी, खडीचा रस्ता, २० चा वेग, उजवीकडून बारीक टकटक. लिंक रॉड असावा. तसं मला वाटतंय उजवीकडून, म्हणजे रविवारी आधी डावा सोडून बघणार.